बाळाच्या मेंदूत जन्मतः दोष निघाला तर ‘सोबत आणखी काय आहे?’ हे विचारायचं राहू देऊ नका

पाऊलवाट

नमस्कार. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, पण लिहायला बसलं की जुनं सगळं वर येतं आणि हात थांबतो. आज सगळं लिहूनच उठणार आहे.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. पूर्ण दिवस भरून जन्मली, वजन चांगलं, जन्मताच रडली. दुसऱ्या दिवशी ती मलूल पडली, दूध ओढेना. रक्तातली साखर उतरली होती. सलाईनमधून ग्लुकोज दिलं, साखर वर आली आणि ‘आईचं दूध कमी पडलं असेल’ असं सांगून आम्हाला घरी सोडलं. कावीळ मात्र महिना उलटला तरी डोळ्यांतून जाईना. तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं की ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नाही, बुबुळं नुसती इकडून तिकडे फिरत राहतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत पाहिलं. डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस दोन्ही बाजूंनी बारीक होती. मग एमआरआय झाला आणि त्यात मेंदूतल्या दोन पोकळ्यांच्या मधला पातळ पडदा, सेप्टम पेल्युसिडम, नव्हताच.

रिपोर्ट हातात आला. पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत ‘मेंदूचा जन्मजात रचनादोष’. आम्ही दोघं त्या ओळीपाशी अडकून पडलो. ती चालेल का, बोलेल का, शिकेल का, हेच डोक्यात. तपासणाऱ्यांनी सांगितलं, ‘दृष्टी कमी राहील, बाकी वाढ कशी होते ते बघू.’ आम्ही बघत राहिलो.

सातव्या महिन्यात तिला साधा ताप आला. रात्री दोन वाजता आकडी आली, अंग थंड, हाक मारली तर ओ नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर २६ होती. अतिदक्षता विभागात रात्रपाळीला असलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी जुने कागद जमिनीवर पसरले आणि साखर, लांबलेली कावीळ, बारीक नस, नसलेला पडदा हे सगळं एकत्र वाचलं. हे चौघं एकाच घरातले आहेत हे ओळखणारी ती पहिली व्यक्ती. त्यांनी कॉर्टिसॉल, म्हणजे आजारपणात शरीराला तोल सांभाळायला लागणारं संप्रेरक, तपासायला पाठवलं. ते जवळजवळ नव्हतंच. मेंदूच्या तळाशी असलेली, इतर ग्रंथींना हुकूम देणारी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी तिची पुरती तयारच झाली नव्हती.

या सगळ्याला मिळून सेप्टो-ऑप्टिक डिस्प्लेझिया म्हणतात. दृष्टीची नस, मेंदूच्या मधोमधची रचना आणि पीयूषिका या तिघांपैकी दोन ठिकाणी दोष सापडला की निदान होतं. तिन्ही असलेली मुलं कमी, साधारण दहात तीन.

मला जे सांगायचंय ते हे. रिपोर्टमध्ये ठळक अक्षरांत जे लिहिलं होतं त्यानं माझ्या मुलीला आजवर एकदाही त्रास दिलेला नाही. तो पडदा नसला म्हणून तिचं काही अडत नाही. तिला मरणाच्या दारात नेलं ते त्याच्या सोबत आलेल्या गोष्टीनं, जी स्कॅनमध्ये कुणी शोधली नव्हती आणि जिच्यावर औषध होतं. दिवसातून तीनदा एक लहानशी गोळी. एवढंच हवं होतं.

आता ती कॉर्टिसॉलच्या जागी हायड्रोकॉर्टिझोन घेते. ताप आला की मात्रा दुप्पट-तिप्पट करायची, उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन, आणि ते इंजेक्शन ती जिथे जाईल तिथे सोबत. थायरॉईडचं औषध कॉर्टिसॉलनंतर सुरू झालं. हा क्रम महत्त्वाचा आहे. कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉक्सिन दिलं तर शरीराला असलेलं थोडं कॉर्टिसॉलही लवकर खर्च होतं आणि मूल कोसळू शकतं. रोज रात्री वाढीच्या संप्रेरकाचं इंजेक्शन. आणि ठरावीक काळानं पुन्हा सगळ्या तपासण्या, कारण या मुलांत संप्रेरकं एकदमच कमी असतात असं नाही, एकेक करून वर्षांनीही ढासळू शकतात.

मोठ्या अक्षरांची पुस्तकं ती नाकाला लावून वाचते. मला कुणाला घाबरवायचं नाही. ज्यांच्या हातात आज असा रिपोर्ट आहे त्यांनी पहिल्या ओळीपाशी थांबू नये, एवढ्यासाठी लिहिलं. या विषयात काम करणारे कुणी इथे असतील तर त्यांनी जरूर भर घालावी.

वाचक_जुना

ताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. लेकीला खूप आशीर्वाद.

क्षकिरण

पाऊलवाट, मी क्ष-किरणतज्ज्ञ आहे. गर्भातल्या बाळांची सोनोग्राफी आणि एमआरआय हेच माझं रोजचं काम. तुम्ही ‘एकाच घरातले’ म्हणालात ते शास्त्राच्या दृष्टीनंही बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेंदू आणि बाकीचं शरीर वेगवेगळ्या कारखान्यांत बनून नंतर जोडलं जात नाही. गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवसापर्यंत चेतानलिका, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतो ती नळी, मिटते. अनेक जणींना तोवर दिवस राहिल्याची खात्रीही झालेली नसते. वरचं टोक मिटलं नाही तर कवटी आणि मेंदू पूर्ण बनत नाहीत, खाली कुठे उघडं राहिलं तर पाठीच्या कण्यात दोष येतो. त्यानंतर पुढच्या मेंदूचे दोन अर्धगोल वेगळे होतात. ते नीट वेगळे न झाल्यास होलोप्रोसेनसेफली. नेमक्या याच दिवसांत, याच भागातून मिळणाऱ्या रासायनिक इशाऱ्यांवर चेहऱ्याचा मधला भाग घडत असतो. म्हणून या दोषासोबत दुभंगलेला ओठ, एकमेकांजवळ आलेले डोळे किंवा समोर मधोमध एकच दात असं दिसतं. विल्यम डिमायर आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये हे दाखवून दिलं की अशा मुलांचा चेहरा बघून आत मेंदूत काय असेल याचा बऱ्याचदा अंदाज बांधता येतो. दर वेळी जमतं असं नाही, पण हा दोष दिसला की मी चेहरा तपासतो आणि चेहऱ्यात काही दिसलं की परत मेंदूकडे येतो.

पुढे साधारण १२ ते २४ आठवडे चेतापेशींचा प्रवास चालतो. मेंदूच्या आत पोकळ्यांच्या कडेला त्या जन्मतात आणि तिथून बाहेरच्या थरापर्यंत चालत जातात. प्रवास अर्ध्यात थांबला तर भलत्या जागी पेशींच्या गाठी राहतात, ते हेटरोटोपिया. फार मोठ्या प्रमाणावर बिघडला तर मेंदूवर वळ्या पडत नाहीत आणि तो गुळगुळीत राहतो, ते लिसेनसेफली. वळ्या पडल्या पण बारीक आणि दाट, तर पॉलिमायक्रोजायरिया.

इथे एक गोष्ट सगळ्या पालकांना कळावी असं मला फार वाटतं. विसाव्या आठवड्यात प्रत्येक बाळाचा मेंदू जवळजवळ गुळगुळीतच असतो. वळ्या त्यानंतर पडतात. त्यामुळे १८ ते २० आठवड्यांची अॅनोमली स्कॅन ‘नॉर्मल’ आली आणि पुढे लिसेनसेफली निघाली, तर तपासणाऱ्यानं हलगर्जी केली असंच नसतं. त्या वेळी दिसण्यासारखं काही नव्हतंच. उलट घाईनं निदान केल्यानंही नुकसान होतं. लहान मेंदूचा (अनुमस्तिष्काचा) मधला पट्टा, ज्याला व्हर्मिस म्हणतात, तो हळूहळू खाली वाढत चौथ्या पोकळीला झाकतो. लवकर स्कॅन केलं तर ती जागा उघडी दिसते आणि कुणी ‘डँडी-वॉकर’ हा दोष लिहून मोकळं होतं. चार आठवड्यांनी बघावं तर सगळं जागच्या जागी.

सावली२२

मी इथे नेहमी फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. मला २२ वा आठवडा चालू आहे. गेल्या आठवड्यात स्कॅनमध्ये ‘कॉर्पस कॅलोझम दिसत नाही’ असं आलं. त्या दिवसापासून झोप नाही. नेटवर वाचलं की हा मेंदूच्या दोन अर्ध्या भागांमधला पूल असतो. पूलच नाही तर बाळाचे दोन मेंदू एकमेकांशी बोलणार कसे? सासूबाईंना वाटतं मी सुरुवातीला ऑफिसात फार धावपळ केली म्हणून असं झालं. कुणाला यातलं माहीत असेल तर खरं खरं सांगा.

पाऊलवाट

सावली, आधी एक गोष्ट. धावपळीनं हे होत नाही. झोप कमी झाली, जिना चढलात, चिडलात, रडलात, यातल्या कशानंही हे होत नाही. हे वाक्य मलाही दोन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनाही हा धागा वाचायला द्या.

क्षकिरण

सावली, तुमचा रिपोर्ट न बघता मी तुमच्या बाळाबद्दल काही सांगू शकत नाही, पण या दोषाबद्दल सांगू शकतो.

कॉर्पस कॅलोझममध्ये सुमारे २० कोटी तंतू असतात. तो साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत आकाराला येतो. नेहमीच्या आडव्या छेदांत तो थेट दिसत नाही. आम्ही त्याच्या खालची एक छोटी चौकोनी पोकळी बघतो, ती दिसली नाही की संशय घेतो आणि मग उभ्या छेदात खात्री करतो. पोकळ्यांचा मागचा भाग थेंबासारखा फुगलेला दिसणं हीही खूण.

आता तुमचा पुलाचा प्रश्न. फिटांच्या आजारासाठी ज्या मोठ्या माणसांचा हा पूल शस्त्रक्रियेनं कापला, त्यांच्यावर रॉजर स्पेरी यांनी प्रयोग केले आणि त्या कामासाठी त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. तिथे दोन अर्धे खरोखर एकमेकांना अनोळखी झाल्यासारखे वागत. जन्मापासून पूल नसलेल्या माणसांत तसं सहसा दिसत नाही. मेंदू घडत असतानाच दुसऱ्या लहान वाटा रुंदावतो. जे तंतू पलीकडे जायचे होते ते त्याच बाजूला जाड जुडग्यासारखे वळतात. त्या जुडग्यांना प्रोब्स्टचे गठ्ठे म्हणतात. एमआरआयमध्ये मी ते नेहमी शोधतो.

दोष हा एकटाच असेल, म्हणजे मेंदूत, हृदयात, डोळ्यांत, गुणसूत्रांत दुसरं काही नसेल, तर साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश मुलांची वाढ सर्वसाधारण होते. सोबत दुसरे दोष असतील तर हे चित्र बरंच बदलतं. म्हणून पाऊलवाट यांचा प्रश्न तुमच्यासाठी आज सगळ्यात महत्त्वाचा आहे. सोबत आणखी काय आहे? त्यासाठी गर्भाचा एमआरआय करून घ्या. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात मेंदूच्या दोषाचा संशय असलेल्या ५७० गर्भांची तपासणी झाली. सोनोग्राफीचं निदान ६८ टक्के बरोबर निघालं, त्याला एमआरआयची जोड दिल्यावर ९३ टक्के. जोडीला बाळाच्या हृदयाची सविस्तर तपासणी आणि गर्भाभोवतालच्या पाण्याच्या नमुन्यावर गुणसूत्रांची मायक्रोअॅरे चाचणी, याबद्दल विचारा.

आकाशवेडा

अवांतर होईल, पण किम पीक यांचा मेंदू कॉर्पस कॅलोझमशिवायच होता ना? हजारो पुस्तकं पाठ असलेले गृहस्थ. म्हणजे धीर सोडू नका.

हळूहळू_चालू

आकाशवेडा, हेतू चांगला आहे तुमचा. पण किम पीक यांच्या बाबतीत फक्त पूल नव्हता असं नाही, डोकं मोठं होतं, लहान मेंदूतही दोष होता, आणि शर्टाची बटणं लावायलाही त्यांना मदत लागे. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. असं उदाहरण ऐकलं की आईबाप मुलात चमत्कार शोधत बसतात.

कॅलोझम नसलेली जी मुलं माझ्याकडे येतात त्यांच्या गोष्टी साध्या असतात. दोन्ही हातांनी एकाच वेळी वेगळं काम करायला उशीर लागतो. बुटाची नाडी, सायकल, चेंडू झेलणं. शाळेत पहिली काही वर्षं बरी जातात, मग जिथे आडून बोललेलं समजून घ्यावं लागतं, चेहऱ्यावरून मन ओळखावं लागतं तिथे मूल मागे पडतं. हे दहाव्या-बाराव्या वर्षी कळतं आणि तोवर शिक्षक ‘आळशी’ म्हणून मोकळे झालेले असतात. लहानपणचं निदान शाळेला सांगून ठेवलं तर त्या वयात मुलावरचा अन्याय टळतो.

आणखी एक, जे मी प्रत्येक आईला सांगते. मेंदूचा कुठलाही रचनादोष असलेल्या बाळाला पहिल्या वर्षात, विशेषतः तीन ते आठ महिन्यांत, झोपेतून उठल्यावर एकामागून एक झटके येतात का बघा. मान पुढे झुकते, हात वर किंवा बाजूला उडतात, क्षणभर थांबतं, परत येतं, अशी मालिका लागते. पोट दुखत असेल, दचकलं असेल म्हणून सोडून देऊ नका. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी दाखवा. हे इन्फंटाइल स्पॅझम्स. उपचाराला उशीर झाला तर शिकलेलंही पुसलं जातं. १८४१ मध्ये डॉ. वेस्ट यांनी याचं पहिलं वर्णन लॅन्सेटला पत्रातून कळवलं, ते त्यांच्या स्वतःच्या मुलाचं होतं. बापानंच आधी ओळखलं.

मुलगी असेल, कॅलोझम नसेल आणि असे झटके आले तर डोळ्यांचा पडदाही तपासावा लागतो. तिघं एकत्र आले की आयकार्डी सिंड्रोमचा विचार होतो.

नवाबाबा

आमच्या रिपोर्टमध्ये ‘मेंदूत पाणी, १०.८ मिमी’ आहे. याच धाग्यात विचारलं तर चालेल ना?

क्षकिरण

चालेल. पोकळीच्या मागच्या भागाची रुंदी १० मिमीच्या आत असावी. १० ते १२ म्हणजे सौम्य, १५ च्या वर गंभीर. सौम्य असेल आणि सोबत दुसरं काहीही नसेल तर ९० टक्क्यांहून जास्त मुलं सर्वसाधारण असतात. पण ते ‘दुसरं काहीही नसेल’ नीट तपासलेलं हवं, आणि काही आठवड्यांनी परत मोजमाप.

जनुकवेडी

मी जनुकीय समुपदेशन करते. दोष जनुकात असेल तर तो मेंदूपुरताच राहील असं नाही, कारण तेच जनुक शरीरात इतरत्रही कामाला असतं. थोडी उदाहरणं देते.

पोकळ्यांच्या कडेला पेशींच्या गाठी असलेल्या बाईला एफएलएनए जनुकाचा दोष असेल, तर हृदयाच्या झडपा आणि महाधमनी तपासावी लागते. फिटांसाठी एमआरआय होतो, गाठी दिसतात, फिटांचं औषध सुरू होतं आणि हृदयाकडे वर्षानुवर्षं कुणी बघतच नाही. जुबेर सिंड्रोममध्ये मेंदूच्या छेदात दाढेसारखा आकार दिसतो. तो दिसला की मूत्रपिंड, यकृत आणि डोळ्यांचा पडदा दर वर्षी तपासायचा, कारण पेशींवरच्या ज्या केसासारख्या तंतूंचा दोष मेंदूत आहे तेच तंतू तिथेही आहेत. मूत्रपिंड मुकाट्यानं बिघडतं, मूल तक्रार करत नाही. मुलग्याच्या मेंदूत पाणी साठलंय आणि दोन्ही अंगठे तळहातात वळलेले आहेत, तर एल१सीएएम जनुक तपासा. तिथे आई वाहक असू शकते आणि पुढच्या प्रत्येक मुलग्यात निम्मी शक्यता असते. शरीरात ठिकठिकाणी गाठी होणाऱ्या ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये तर पहिली खूण बऱ्याचदा मेंदूत दिसतच नाही, गर्भाच्या हृदयात गाठी दिसतात. त्या गाठी पुढे बहुधा आपोआप विरतात, मेंदूतल्या राहतात.

एकच जनुक मुलग्यात आणि मुलीत वेगळं वागतं हेही लक्षात घ्या. डीसीएक्सचा दोष मुलग्यात गुळगुळीत मेंदू देतो. मुलीत एक एक्स गुणसूत्र चांगलं असल्यानं काही पेशी बाहेर पोचतात, काही मध्येच राहतात आणि सालीखाली दुसरी साल असल्यासारखा पट्टा दिसतो. अशी एखादी बाई फिटांच्या गोळ्या घेत व्यवस्थित संसार करत असते आणि मुलग्याचं निदान झाल्यावर तिला स्वतःबद्दल कळतं.

जनुकाशिवायचीही कारणं असतात. सायटोमेगॅलोव्हायरसचा संसर्ग गर्भात झाला तर बारीक वळ्या, लहान डोकं आणि सोबत बहिरेपण, जे जन्मतः नसलं तरी नंतर येऊ शकतं. याची खात्री करायची तर बाळाची लघवी किंवा लाळ जन्मानंतर २१ दिवसांच्या आत तपासायला हवी. नंतर विषाणू सापडला तरी तो गर्भातला की बाहेरून आलेला हे सांगता येत नाही. गर्भातल्या संसर्गानं काय होतं हे झिका विषाणूनं जगाला दाखवलं. ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं वाढल्यावर १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी जाहीर केली. त्या मुलांतही सांधे, डोळे, गिळणं सगळीकडे परिणाम होते.

टाळता येण्यासारखं एक ठळक आहे, ते चेतानलिकेचे दोष. १९९१ च्या ब्रिटिश अभ्यासात, आधी असं मूल झालेल्या स्त्रियांनी रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड घेतल्यावर पुन्हा तसं होणं ७२ टक्क्यांनी घटलं. इतरांसाठी ४०० मायक्रोग्रॅम. गोळी दिवस राहायच्या आधीच सुरू हवी, २८ व्या दिवसाचं गणित वर आलंच आहे. फिटांसाठी व्हॅलप्रोएट चालू असेल तर गर्भाचा विचार करण्याआधी डॉक्टरांशी बोला, स्वतःहून बंद मात्र करू नका.

तळटीप

मी पस्तिशीचा. लहानांचीच चर्चा चालू आहे, पण हे दोष मोठेपणीही समोर येतात. मला खोकलो, शिंकलो, हसलो की डोक्याच्या मागे कळ यायची. चष्मा बदलला, मानेचे व्यायाम केले. एकदा शर्टाला इस्त्री करताना डाव्या हाताला चटका बसला आणि मला कळलाच नाही, कातडीचा वास आल्यावर कळलं. स्पर्श समजत होता, गरम-थंड समजत नव्हतं.

एमआरआयमध्ये किआरी १ निघालं. लहान मेंदूची खालची टोकं कवटीच्या भोकातून ५ मिमीपेक्षा जास्त खाली उतरलेली. प्रागमधल्या हान्स किआरी यांनी १८९१ मध्ये याचं वर्णन केलं. माझाही रोख पाऊलवाट ताईंसारखाच आहे. हाताचा चटका त्या उतरलेल्या टोकांमुळे नव्हता, सोबतीला मज्जारज्जूच्या आत पाणी भरून पोकळी झाली होती तिच्यामुळे होता. आधी फक्त डोक्याचाच एमआरआय झाला होता. संपूर्ण पाठीचा करा म्हणून मी मागे लागलो तेव्हा पोकळी दिसली आणि शस्त्रक्रियेचा निर्णय झाला. कवटीचं मागचं हाड थोडं काढून जागा करून दिली. डोक्याची कळ गेली. हाताची जाणीव थोडीच परतली. मुलांत कण्याला बाक येणं ही याची पहिली खूण असू शकते असं मला नंतर सांगितलं.

क्षकिरण

तळटीप, अगदी योग्य लिहिलंत. किआरी २ वेगळं. ते पाठीच्या उघड्या कण्यासोबत येतं आणि बहुतेकदा मेंदूत पाणीही साठतं. उघड्या कण्यातून पाणी झिरपत राहतं, मागचा मेंदू खाली ओढला जातो. म्हणून गर्भातच पाठ शिवली तर मेंदूही सुधारतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८२ टक्के बाळांना वर्षभरात शंट (मेंदूतलं पाणी काढून देणारी नळी) बसवावा लागला, गर्भात झालेल्यांपैकी ४० टक्क्यांना. पण दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचा धोका वाढला, आईच्या गर्भाशयालाही इजा होऊ शकते. निवड सोपी नाही.

सावली२२

तुम्हा सगळ्यांचे आभार. एमआरआय झाला. कॅलोझम नाही हे नक्की. क्षकिरण दादा म्हणाले ते गठ्ठे दिसले म्हणे, वळ्या वयाप्रमाणे, लहान मेंदू ठीक. हृदय ठीक. मायक्रोअॅरेचा रिपोर्ट यायचा आहे. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं की डोळ्याची नस आणि पीयूषिका गर्भात इतकी लहान असते की तिथलं खात्रीनं सांगता येत नाही. आता मी पाऊलवाट ताईंचा पहिला भाग पाचव्यांदा वाचतेय. बाळ झाल्यावर मी काय काय करून घेऊ? कागदावर उतरवून नेणार आहे.

पाऊलवाट

सावली, वाट बघत होते तुमच्या निरोपाची.

तुमच्या बाळाला हे असेलच असं मुळीच नाही, पण मधोमधचा दोष आहे म्हटल्यावर तपासून मोकळं व्हायचं. पहिले दोन-तीन दिवस साखर ठरावीक तासांनी बघायला सांगा, एकदा बघून सोडू नका. सोडियमही बघा. लंगोट सारखे चिंब होत असतील, लघवी पाण्यासारखी असेल आणि बाळ सुकत असेल तर लगेच सांगा. कावीळ दोन आठवड्यांच्या पुढे रेंगाळली तर ‘ऊन दाखवा’ एवढ्यावर समाधान मानू नका. मुलगा असेल आणि शिश्न फारच लहान वाटलं तर तीही पीयूषिकेची खूण असू शकते, लाजून गप्प बसू नका. डोळे पहिल्या काही आठवड्यांतच बाहुली मोठी करून तपासून घ्या. बुबुळं फिरायला लागतात ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, तोवर थांबायचं नाही.

आणि थायरॉईड. हे नीट लिहून घ्या. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन जी चाचणी होते तिच्यात बऱ्याच ठिकाणी फक्त टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक) बघतात. थायरॉईड ग्रंथीच बिघडलेली असेल तर टीएसएच वाढतं आणि सापडतं. पण टीएसएच बनवते ती पीयूषिका, तीच कमजोर असेल तर आकडा वाढणार कुठून? माझ्या मुलीची ती चाचणी ‘नॉर्मल’ आली होती, तो कागद अजून माझ्याकडे आहे. म्हणून तुमच्या कागदावर टीएसएचच्या शेजारी ‘फ्री टी४’ (थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक) आणि ‘कॉर्टिसॉल’ असं वेगळं लिहा, आणि बाळ रक्त द्यायला जाईल तेव्हा तो कागद स्वतःच्या हातात ठेवा.